फायली गेल्या, पावत्या राहिल्या

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या सुपीरियर कोर्टाने २०२५ च्या जुलैअखेर एका सामूहिक दाव्याला परवानगी दिली. दावा आहे मॉन्ट्रियलचं रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटल, मॅकगिल विद्यापीठ आणि कॅनडाचं सरकार यांच्यावर. ज्या घटनांबद्दल तो आहे त्या १९४८ ते १९६४ या काळातल्या. मनोरुग्णांवर उपचाराच्या नावाखाली मन पुसण्याचे प्रयोग झाले, आणि त्यांतल्या काहींना अमेरिकेच्या सीआयएच्या एमके-अल्ट्रा या गुप्त कार्यक्रमाचा पैसा होता. म्हणजे ज्यांच्यावर ते झाले, त्यांतले बहुतेक आता या जगात नाहीत. दावा लढताहेत ती त्यांची मुलंबाळं, जी स्वतःच म्हातारपणाला टेकली आहेत, आणि मागे राहिलेले मोजके रुग्ण.

आपल्याकडे असली बातमी येते ती व्हॉट्सॲपवरून, आणि तिथे तिचं जे व्हायचं तेच होतं. ‘सीआयएने माणसांचे रोबो बनवले’ असा मजकूर माझ्या दोन ग्रुपवर एकाच दिवशी आला. एका ग्रुपवर काकांनी लिहिलं, "काहीही फेकतात." दुसऱ्यावर एक जण छातीठोकपणे सांगत होता की आता हेच मोबाइल टॉवरमधून चालू आहे. दोघंही चुकत होते. प्रयोग झाले होते, त्याचे सरकारी कागद आहेत. आणि माणसाचा रोबो मात्र झाला नाही, त्याचेही कागद आहेत. त्या दोन्हींच्या मध्ये जे उरतं ते जास्त अस्वस्थ करणारं आहे: तुमच्यावर अन्याय झाल्याचा पुरावा अन्याय करणाऱ्याच्याच कपाटात असेल, तर तो सिद्ध कसा करायचा?

## एमके-अल्ट्रा होतं तरी काय?

सीआयए म्हणजे अमेरिकेची परदेशी हेरगिरी करणारी संस्था. तिचे प्रमुख ॲलन डलेस यांनी १३ एप्रिल १९५३ रोजी एका गुप्त कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्याचं सांकेतिक नाव एमके-अल्ट्रा. सूत्रं होती सिडनी गॉटलिब नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे. माणसाचं मन बाहेरून ताब्यात घेता येतं का, त्याच्याकडून खरं वदवून घेता येतं का, त्याची स्मृती पुसता येते का, हे शोधायचं होतं.

हे खूळ आलं कोरियाच्या युद्धातून. चीन आणि उत्तर कोरियाच्या ताब्यातले अमेरिकन वैमानिक ‘आम्ही जंतूंचे बॉम्ब टाकले’ असे कबुलीजबाब देऊ लागले. युद्ध संपल्यावर २१ अमेरिकन सैनिकांनी मायदेशी परतायलाच नकार दिला. ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द तेव्हा नुकताच इंग्रजीत रुळला होता. शत्रूकडे मन फिरवण्याची काहीतरी जडीबुटी आहे आणि आपण मागे पडलोय, अशी धास्ती वॉशिंग्टनमध्ये पसरली.

आपल्याला यातली निदान एक कल्पना अगदी ओळखीची आहे. ‘नार्को टेस्ट’ हा शब्द तेलगीच्या स्टॅम्प पेपर घोटाळ्याच्या वेळी घराघरात पोहोचला. इंजेक्शन द्यायचं, माणूस गुंगीत गेला की खरं बोलेल, असा तो हिशेब. सीआयए शोधत होती ते सत्यवदनाचं औषध याच जातीचं. गुंगीतला माणूस खरं बोलतो तसं खोटंही बोलतो, समोरच्याला जे ऐकायचंय तेही बोलतो. असं औषध त्यांना सापडलं नाही आणि आजही ते कुणाकडे नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगून टाकलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी पुण्यातल्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात ब्रेन मॅपिंगसारख्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा सुनावली होती. तेव्हा ‘असलं तिकडेच चालतं’ म्हणायची सोय आपल्याला नाही.

एमके-अल्ट्राखाली १४९ उपप्रकल्प होते. १९७७ मध्ये सीआयएच्या तत्कालीन प्रमुखांनी सिनेटपुढे दिलेल्या माहितीनुसार ८० संस्थांचा त्याच्याशी संबंध आला होता. त्यांत ४४ कॉलेजं आणि विद्यापीठं, १२ हॉस्पिटलं आणि ३ तुरुंग होते. काही प्रकल्प अगदी निरुपद्रवी होते. एका जादूगाराला, जॉन मलहॉलंड त्याचं नाव, ३,००० डॉलर देऊन हातचलाखीची पुस्तिका लिहून घेतली होती, दुसऱ्याच्या पेल्यात गुपचूप काही टाकायचं कसं यावर. निरुपद्रवी म्हणजे पुस्तिका. तिचा उपयोग नव्हे.

## एवढ्या संस्था कशा काय तयार झाल्या?

बऱ्याच जणांना पैसा कुणाचा हे ठाऊकच नव्हतं. एखाद्या पुढाऱ्याला आपलं नाव न येता पैसे वाटायचे असले की तो काय करतो? एखाद्या मंडळाला, ट्रस्टला देणगी देतो आणि मंडळ ती पुढे वाटतं. पावती मंडळाची, पैसा पुढाऱ्याचा. सीआयएने हेच केलं. ‘सोसायटी फॉर द इन्व्हेस्टिगेशन ऑफ ह्यूमन इकॉलॉजी’ हे असंच एक मंडळ. नाव असं की वाचताना पेंग यावी.

दुसऱ्या अशाच फंडामार्फत वॉशिंग्टनमधल्या एका विद्यापीठ हॉस्पिटलच्या नव्या इमारतीला ३,७५,००० डॉलर दिले गेले. ही देणगी खाजगी आहे असं समजून केंद्र सरकारने आपल्या योजनेतून तिला जोड दिली. म्हणजे सरकारनेच सरकारला फसवून सरकारचेच पैसे घेतले.

## प्रयोग कुणावर झाले?

ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं त्यांच्यावर, किंवा ज्यांनी नंतर तक्रार केली तरी कुणी विश्वास ठेवला नसता अशांवर.

केंटकी राज्यात लेक्झिंग्टनला व्यसनी कैद्यांसाठी सरकारी इस्पितळ होतं. तिथे सात जणांना सलग ७७ दिवस एलएसडी दिलं गेलं. एलएसडी हे भास निर्माण करणारं रसायन, मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागतं इतकं तीव्र. कैद्यांना मोबदला काय? ज्याच्या व्यसनापायी ते आत होते, तोच अंमली पदार्थ. कागदावर संमती होती. अशा संमतीला संमती म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

सॅन फ्रान्सिस्कोत तर सीआयएने फ्लॅटच घेतला होता. वेश्यांनी गिऱ्हाईक तिथे आणायचं, पेल्यात एलएसडी मिसळायचं, आणि एकतर्फी आरशामागे बसलेल्या जॉर्ज व्हाइट नावाच्या अधिकाऱ्याने पेला हातात धरून मजा बघायची. आरशामागे डॉक्टर नसे. ज्याला ते पाजलं त्याला काय झालं, याची नंतर कुणी चौकशी करत नसे. याला विज्ञान म्हणणं हा विज्ञानाचा अपमान आहे.

स्वतःची माणसंही सुटली नाहीत. फ्रँक ओल्सन हे लष्कराच्या जैविक शस्त्रांच्या केंद्रातले शास्त्रज्ञ. नोव्हेंबर १९५३ मध्ये मेरीलँडमधल्या एका तळ्याकाठच्या बैठकीत गॉटलिबच्या माणसांनी त्यांच्या दारूत न सांगता एलएसडी घातलं. नऊ दिवसांनी, २८ नोव्हेंबरच्या पहाटे, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून पडून ते मरण पावले. उडी होती, अपघात होता की आणखी काही, हा वाद मिटलेला नाही. कुटुंबाला एलएसडीबद्दल कळलं ते २२ वर्षांनी, सरकारी अहवालावरची वर्तमानपत्रातली बातमी वाचून. अहवालात नाव नव्हतं; तारीख आणि तपशील वाचून त्यांनी ओळखलं की हा आपलाच माणूस. मग राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून माफी मागितली आणि संसदेने ७,५०,००० डॉलर दिले.

## मॉन्ट्रियलच्या टेकडीवर

आता ज्या हॉस्पिटलवर दावा सुरू झाला आहे तिकडे येऊ.

मॉन्ट्रियल शहराच्या मधोमध माउंट रॉयल नावाची टेकडी आहे. तिच्या उतारावर जहाज कंपनीच्या मालकाने बांधलेला दगडी वाडा पुढे रॉयल व्हिक्टोरियाचंच, मॅकगिल विद्यापीठाशी जोडलेलं, मनोरुग्णांचं हॉस्पिटल झाला: ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूट. प्रमुख होते डॉ. युवेन कॅमेरॉन. साधे डॉक्टर नव्हेत. अमेरिकेच्या, कॅनडाच्या आणि पुढे जागतिक मनोविकार संघटनेचे अध्यक्ष झालेले गृहस्थ. त्यांनी एखाद्याला दाखल करून घेतलं तर घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकत.

व्हेल्मा ऑर्लिकोव्ह ही विनिपेगची बाई, पुढे कॅनडाचे खासदार झालेल्या एका गृहस्थांची पत्नी. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार घ्यायला ती १९५६ मध्ये तिथे गेली. आजच्या भाषेत सांगायचं तर गोळ्या, समुपदेशन आणि घरच्यांचा आधार यांनी बरं होण्यासारखं दुखणं. तिथे तिला न विचारता पुन्हा पुन्हा एलएसडी टोचलं गेलं आणि टेपवरचे संदेश तासन्‌तास ऐकवले गेले.

कॅमेरॉनची उपपत्ती काय होती? आपण शाळेत पाटीवर अक्षर चुकलं की ओल्या फडक्याने पाटी पुसून पुन्हा गिरवायचो. त्यांना वाटे, मनाचंही तसंच करता येईल. आजारी सवयी, आजारी विचार पुसून टाकायचे आणि कोऱ्या मनावर नवे लिहायचे. पुसण्याला त्यांनी नाव दिलं ‘डीपॅटर्निंग’, लिहिण्याला ‘सायकिक ड्रायव्हिंग’.

१९५७ च्या जानेवारीत त्यांनी त्या पेंग आणणाऱ्या नावाच्या मंडळाकडे अनुदानासाठी अर्ज केला. त्यात पद्धत अगदी पाककृतीसारखी पायरी-पायरीने दिलेली आहे. आधी विजेच्या तीव्र झटक्यांनी वागण्याची घडी मोडायची. मग ठरवलेलं वाक्य रोज १६ तास, असं ६ ते ७ दिवस ऐकवायचं. या काळात रुग्णाला बाहेरचं जग फारसं दिसू-ऐकू येणार नाही अशा अवस्थेत ठेवायचं. आणि शेवटी ७ ते १० दिवस सलग झोपवून ठेवायचं, म्हणजे झाल्या प्रकाराची आठवण दबेल.

रोज १६ तास म्हणजे काय, ते जरा आपल्या घरात आणून बघा. शेजारच्या लग्नात एकच गाणं दुपारभर वाजलं तर आपण खिडक्या लावून घेतो. इथे खिडकी नव्हती. ध्वनिक्षेपक उशीत बसवलेला होता किंवा कानाला पट्ट्याने बांधलेला. आवाज कधी डॉक्टरांचा, कधी रुग्णाचा स्वतःचा, आधीच्या मुलाखतीतून कापून घेतलेला. आईबद्दल, नवऱ्याबद्दल बोललेलं एखादं दुखरं वाक्य, सकाळी जाग आल्यापासून रात्री औषधाने झोप लागेपर्यंत. काहींना दोन दोन महिने औषधं देऊन निजवून ठेवलं होतं. मधे उठवायचं ते खायला घालायला, संडासला न्यायला आणि शॉक द्यायला.

घडी मोडली हे ओळखायचं कसं? रुग्णाला आपण कुठे आहोत कळेनासं झालं, घरची माणसं ओळखू येईनाशी झाली, कपडे ओले होऊ लागले, की पुसणं पूर्ण झालं असं समजायचं. कॅमेरॉनच्या स्वतःच्या शोधनिबंधांत ही अवस्था उपचाराचा टप्पा म्हणून वर्णन केलेली आहे. लपवलेली नाही. मला यातली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच वाटते.

पाटीवरचं पुसलं तरी पाटी शिल्लक राहते. इथे पुसता पुसता पाटीच झिजली. कॅमेरॉन १९६४ मध्ये गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी हा प्रकार बंद केला आणि ७९ माजी रुग्णांची पाहणी करवली. त्यांतल्या ६० टक्क्यांना उपचाराआधीच्या सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतचा काळ आठवतच नव्हता. लग्न, मुलांचे जन्म, नोकरी, शेजार, सगळं कोरं. घरी परतलेल्या आईला स्वतःचीच मुलं अनोळखी वाटत होती. आणि मुलांना? त्यांच्या वाट्याला जी आई आली तीच ‘आमची आई’ होती. आधी ती वेगळी होती हे त्यांनी दुसऱ्यांकडून ऐकलं. आज कोर्टात उभी आहेत ती हीच मुलं.

## "तेव्हाचं वैद्यकशास्त्रच तसं होतं ना?"

हा आक्षेप येतोच, आणि तो अगदी पोकळ नाही. १९५० च्या दशकात मनोविकारांवरची औषधं नुकती येत होती. इन्सुलिनने बेशुद्ध करणं, विजेचे झटके देणं हे अनेक देशांत चालत होतं.

पण मात्रा बघा. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा एक झटका दिला जाई. इथे एका बैठकीत एकामागून एक अनेक, आणि अशा बैठका रोज. डोकं दुखतं म्हणून एक गोळी घेणं आणि अख्खी बाटली घशात ओतणं, दोन्हीला ‘औषध घेतलं’च म्हणतात.

दुसरं, संमतीचा नियम तेव्हा नव्हता असं नाही. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम: ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवीच. कॅमेरॉन तर न्यूरेंबर्गला हिटलरचा एकेकाळचा उपनेता रुडॉल्फ हेस याची मानसिक तपासणी करायला गेले होते. आणि खुद्द सीआयएच्या अंतर्गत तपासनिसांनी १९५७ मध्ये लिहून ठेवलं होतं की ही कामं अनैतिक आणि बेकायदा आहेत आणि ती शत्रूइतकीच आपल्या जनतेपासूनही लपवायला हवीत. ज्याला आपलं बरोबर आहे असं वाटतं तो लपवत नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण हे वाचून कुणी घरातल्या माणसाचे चालू उपचार थांबवू नयेत. विजेच्या झटक्यांचा उपचार, ईसीटी, आजही तीव्र नैराश्यात उपयोगी पडतो. तो भूल देऊन, स्नायू शिथिल करून, मोजक्या मात्रेत दिला जातो. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता तो देण्यावर भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

## "देशाच्या सुरक्षेसाठी करावं लागतं"

ठीक, पण धोका खरा होता का ते तरी बघू. सीआयएनेच कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन डॉक्टरांना कम्युनिस्ट देशांतल्या चौकशीच्या पद्धती अभ्यासायला सांगितलं. त्यांचा निष्कर्ष १९५६ मध्ये आला: कसलंही गूढ औषध नाही, संमोहन नाही. झोपू न देणं, एकटं ठेवणं, उभं करून ठेवणं, धाक आणि कंटाळा. जगातला कुठलाही जुना फौजदार सांगेल अशा युक्त्या. ज्या जडीबुटीच्या भीतीने एमके-अल्ट्रा सुरू झालं ती अस्तित्वातच नव्हती, हे कळलं. आणि कॅमेरॉनला पैसे मिळायला लागले ते त्यानंतरच्या वर्षी.

## फायली कुठे गेल्या?

१९७३ च्या सुरुवातीला सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स पदावरून जात होते. जाता जाता त्यांनी एमके-अल्ट्राच्या फायली नष्ट करायला सांगितलं. गॉटलिबने त्या नष्ट केल्या आणि तोही निवृत्त झाला. (पुढे तो पत्नीबरोबर भारतात येऊन कुष्ठरोग्यांच्या हॉस्पिटलात काम करत होता. कुष्ठसेवेचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको. पण प्रायश्चित्त ज्याचं देणं लागतो त्याच्याकडे जाऊन करायचं असतं, असं आपलं मला वाटतं.)

१९७४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने सीआयएच्या देशांतर्गत हेरगिरीला वाचा फोडली. १९७५ मध्ये संसदेची आणि राष्ट्राध्यक्षांची अशा दोन चौकशा झाल्या. उत्तर मिळालं: फायली नाहीत.

माझे एक मामा जिल्हा परिषदेत हिशेब तपासायचे. ते म्हणायचे, "रस्ता झाला की नाही ते मला ऑफिसात बसून कळत नाही. पैसे गेले ते कळतं." इथे नेमकं तेच घडलं. जॉन मार्क्स नावाच्या एका माजी सरकारी अधिकाऱ्याने माहितीच्या अधिकाराच्या अमेरिकन कायद्याखाली अर्ज केला होता. तो शोध घेताना १९७७ मध्ये जुन्या कागदांच्या गोदामात काही खोकी सापडली. ती हिशेब खात्याने पाठवलेली होती, म्हणून प्रकल्पाच्या फायलींबरोबर नष्ट झाली नव्हती. आत होत्या मंजुऱ्या, बिलं, पावत्या, अनुदानाचे अर्ज. हजारो पानं. प्रयोगात काय घडलं ते त्यांत फारसं नाही, पण कुणाला, कधी, किती पैसे दिले ते आहे. कॅमेरॉनला उपप्रकल्प ६८ खाली सुमारे ६० हजार डॉलर गेले, हे जगाला कळलं ते असं.

ऑर्लिकोव्ह दांपत्यालाही तेव्हाच कळलं. वीस वर्षं बाई स्वतःलाच दोष देत होती की मी बरी का होत नाही.

## मग कोर्टात काय झालं?

इथे कायद्याच्या चार भिंती लागतात. एकेक बघू.

पहिली भिंत गोपनीयतेची. प्रयोग करणाऱ्या संस्थांची आणि संशोधकांची नावं द्या, असा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये कोर्टाने सांगितलं, ती ‘गुप्तवार्तेची साधनं’ आहेत, सीआयए नावं झाकून ठेवू शकते. म्हणजे आरोपी कोण, हेच फिर्यादीला सांगायचं नाही.

दुसरी भिंत लष्कराची, आणि हे प्रकरण एमके-अल्ट्राचं नव्हे, अमेरिकन लष्कराच्या स्वतःच्या प्रयोगांचं. सार्जंट जेम्स स्टॅन्ली याने १९५८ मध्ये रासायनिक युद्धापासून बचावाची साधनं तपासायला नाव दिलं. त्याला पाजलं गेलं एलएसडी. भास होऊ लागले, मध्यरात्री उठून बायकामुलांना मारहाण करू लागला, पुढे संसार मोडला. का, ते त्याला कळेना. १९७५ च्या डिसेंबरात लष्कराचं पत्र आलं: एलएसडी दिलेल्या स्वयंसेवकांची पाहणी करतोय, कृपया सहकार्य करावं. सतरा वर्षांनी, असं. त्याने दावा लावला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की सेवेत असताना झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर दावा करता येत नाही. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी न्यूरेंबर्गची आठवण करून दिली. उपयोग झाला नाही. शेवटी संसदेने खास त्याच्यासाठी कायदा केला आणि १९९६ मध्ये त्याला चार लाखांवर डॉलर मिळाले.

तिसरी भिंत मुदतीची. दावा ठरावीक वर्षांत लावायचा असतो. नियम चुकीचा नाही. साक्षीदार मरतात, कागद जुने होतात. पण ज्याची स्मृतीच पुसली त्याने मुदतीत कसं यायचं? ओल्सन यांच्या मुलांनी नव्याने लावलेला दावा २०१३ मध्ये फेटाळला गेला तो उशीर आणि आधीची तडजोड या कारणांनी.

चौथी भिंत सार्वभौमत्वाची: एका देशाच्या सरकारला दुसऱ्या देशाच्या कोर्टात सहसा खेचता येत नाही. मॉन्ट्रियलच्या चालू दाव्यात अमेरिकेचं सरकारही प्रतिवादी होतं. याच कारणाने ते सुटलं.

व्हेल्मा ऑर्लिकोव्ह यांनी थेट अमेरिकेतच सीआयएवर १९८० मध्ये दावा लावला होता, इतर काही रुग्णांसह. सीआयएचं म्हणणं, कॅमेरॉन हे सगळं आमच्या पैशाच्या आधीपासून करत होता. ते खरंही आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्याने त्याला सीआयएपेक्षा जास्त पैसे दिले होते, हेही खरं. कॅनडा सीआयएकडे बोट दाखवी, सीआयए डॉक्टरकडे, आणि डॉक्टर १९६७ मध्येच डोंगर चढताना वारला होता. सगळ्यांचे हात वर. आठ वर्षांनी, १९८८ मध्ये, सीआयएने सगळ्यांना मिळून ७,५०,००० डॉलर देऊन तडजोड केली.

## "पैसे मिळाले ना, मग आता काय?"

कुणाला मिळाले आणि काय म्हणून मिळाले, ते बघा.

१९९२ मध्ये कॅनडा सरकारने ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. आपल्याकडे अवकाळीत पीक गेलं की सरकार ‘सानुग्रह अनुदान’ देतं. सानुग्रह म्हणजे मेहेरबानी म्हणून. आमची चूक झाली, तुमचा हक्क आहे, असं त्यात कुठेही येत नाही. कॅनडाने दिलं ते हेच. वर अट अशी की यापुढे सरकारवर आणि हॉस्पिटलवर दावा करणार नाही असं लिहून द्यायचं.

अडीचशेहून जास्त अर्ज नाकारले गेले. कारण, ‘पूर्ण’ डीपॅटर्निंग झालं नव्हतं. रुग्ण लहान मुलासारखा होईपर्यंत पुसला गेला असेल तरच पैसे; अर्धवट पुसला असेल तर नाही. पंचनाम्यात ३३ टक्क्यांच्या खाली नुकसान आलं म्हणून हात हलवत परतलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. नंतर काहींनी कोर्टात जाऊन तो नकार फिरवून घेतला, पण एकेकट्याने, वर्षानुवर्षं लढून.

आणि शिक्षा? एमके-अल्ट्राबद्दल एकाही अधिकाऱ्याला झालेली नाही.

## "मग आजही माझ्या डोक्यात कुणी आवाज सोडत असेल तर?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पूर्वी माणूस म्हणायचा, कुणीतरी करणी केली. आता म्हणतो, चिप बसवलीय, लहरी सोडताहेत. त्रास तेव्हाही खरा होता, आताही खरा आहे. कारण मात्र दुसरंच असतं, आणि ते बहुतेक वेळा उपचाराने आटोक्यात येतं.

सापडलेल्या कागदांत दुरून मन चालवायचं कुठलंही यंत्र नाही. त्यांत दिसतो तो दहा वर्षं आणि लाखो डॉलर घालवून हाती काही न लागलेला कार्यक्रम. औषधं, झटके, एकांतवास यांनी माणूस मोडता येतो; त्याला हवं तसं घडवता येत नाही. पण सरकारने एकदा फायली नष्ट केल्या की त्या रिकाम्या कपाटात कुणीही काहीही ठेवू शकतो, हे मात्र खरं. ज्या रुग्णाला आज भास होतात त्याच्या भीतीला आधार द्यायला हा खरा इतिहास हाताशी आहे, हेही त्या १९७३ च्या आदेशाचंच देणं.

## आता पुढे काय?

परवानगी मिळाली याचा अर्थ दावा जिंकला असा नाही. कोर्टाने म्हटलंय, यात ऐकण्यासारखं आहे. आता हॉस्पिटल, विद्यापीठ आणि सरकार यांना ठाऊक काय होतं, थांबवायची जबाबदारी कुणाची होती, आणि रुग्णांच्या कुटुंबांचंही नुकसान भरून द्यायला हवं का, हे ठरायचं आहे. हॉस्पिटल म्हणेल कॅमेरॉन स्वतंत्र होता, सरकार म्हणेल आम्ही फक्त अनुदान दिलं. १९८० च्या दशकात झालेलं सगळं पुन्हा होईल, फक्त साक्षीदार कमी असतील.

या वेळी कुटुंबांच्या हातात सीआयएच्या पावत्यांखेरीज आणखी एक कागद आहे: हॉस्पिटलचे केसपेपर. कोणत्या दिवशी किती झटके, किती तास टेप, किती दिवस झोप. गुप्तहेरांनी आपल्या फायली नष्ट केल्या. हॉस्पिटलने केसपेपर लिहिले आणि गठ्ठा बांधून ठेवले, कारण हॉस्पिटलांत तसं करतात. साठ वर्षांनी मुलं अर्ज करून ते मागून घेताहेत, आणि आपल्या आईला दाखल करताना तिचं वय आपल्या आताच्या वयाच्या निम्मंही नव्हतं, हे त्यांना पहिल्या पानावर दिसतं.